अब्बांचा याशिका आणि माझा कॅमेरा

अम्मी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने विचारलं, "भाईजान, पेपरात द्यायला अम्मीचा फोटो कुठला देऊ?"

माजघरात बायका कुराणाचे पारे वाचत होत्या, अंगणात खुर्च्या मांडायचं चाललं होतं. मी म्हटलं, "देतो काढून." घरात कॅमेरा बाळगणारा माणूस मीच. नात्यातली लग्नं, अकीके, पोरांची स्नेहसंमेलनं, सगळ्यांचे फोटो मी काढतो. त्यामुळे अम्मीचे फोटो माझ्याकडे ढिगाने असणार असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

लॅपटॉप उघडून बसलो. घरातल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये चार हजारांवर फोटो निघाले. अम्मी होती त्यांत, पण कशी? कुणाच्या तरी खांद्यामागे. दारातून आत वळताना. पदर ओढून घेताना. कॅमेऱ्यापुढे तळहात आडवा धरलेली. सरळ माझ्याकडे बघणारी अम्मी कुठेच नव्हती. शेवटी भावाच्या मोबाइलमध्ये हजच्या वेळचा पासपोर्टचा फोटो सापडला आणि तोच छापून आला. मागे पांढरा पडदा, ओठ घट्ट मिटलेले, आणि फ्लॅश आता उडणार या धास्तीने मोठे झालेले डोळे.

चाळिसावा झाल्यावर पुन्हा निवांत शोधायला बसलो. या वेळी अब्बांची पत्र्याची पेटीही उघडली. आता माझ्या टेबलावर अम्मीचे तीन फोटो आहेत. एक अब्बांनी १९७९ साली काढलेला. दोन मी काढलेले, २०१९ चे, एक रमजानमधला आणि एक ईदच्या सकाळचा. तीन फोटो, पण कॅमेरे दोनच. अब्बांचा याशिका आणि माझा सोनी. जुना चांगला की नवा, असं मित्र मला अधूनमधून विचारतात आणि मी थट्टेवारी नेतो. आज नीट सांगायचा प्रयत्न करतो.

अब्बा मिरज जंक्शनवर रेल्वेत नोकरीला होते. कॅमेरा विकत घ्यावा अशी काही त्यांची ऐपत नव्हती. कॅमेरा आला तो मामूंमुळे. मामू कुवेतला होते. १९७६ साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी बहिणीसाठी नायलॉनच्या साड्या आणल्या आणि मेहुण्यासाठी याशिका इलेक्ट्रो ३५, जीएसएन मॉडेल. हे मॉडेल १९७३ मध्ये बाजारात आलं होतं. पुढे ४५ मिलिमीटरचं, १.७ पर्यंत उघडणारं भिंग, आणि ते कॅमेऱ्याला कायमचं जोडलेलं. म्हणजे लेन्स बदलायची भानगड नाही. वजन पाऊण किलो. लहानपणी तो गळ्यात अडकवला की मान पुढे जायची.

त्याच्या नावातला 'इलेक्ट्रो' हा त्या काळी मोठा कौतुकाचा भाग होता. भिंग किती उघडायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ते कॅमेरा ठरवणार. अर्ध्या मिनिटापासून सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत. खटका अर्धा दाबला की पिवळा दिवा लागला तर समजायचं, उजेड कमी आहे, हात हलवू नका. लाल दिवा लागला तर उजेड जास्त. कड्यावर सूर्य, ढग आणि घरातला उजेड अशी चित्रं होती. अब्बांनी आकड्यांकडे कधी पाहिलंच नाही. ते आम्हाला विचारायचे, "सूरज पे रखूँ के बादल पे?" आणि आम्ही आभाळाकडे बघून सल्ला द्यायचो.

आता या कॅमेऱ्याची मुख्य गोष्ट. हा रेंजफाइंडर. आपण ज्या खिडकीतून बघतो ती वेगळी आणि ज्या भिंगातून फोटो निघतो ते वेगळं. कॅमेऱ्याच्या वरच्या पट्टीत थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. एकातून आपण समोरचं पाहतो. दुसरीतून आलेली प्रतिमा आतल्या काचांवरून वळवून पहिलीच्या मधोमध एका लहानशा उजळ चौकटीत पाडलेली असते. समोर माणूस उभा असेल तर त्या चौकटीत त्याचं नाक दोनदा दिसतं. भिंगाचं कडं फिरवत जायचं. दोन नाकांचं एक झालं की फोकस लागला. आपले दोन डोळे अंतर जसं जोखतात, तसाच हा हिशेब. खिडक्यांमधलं अंतर ठरलेलं, दोन नजरांमधला कोन बदलता, त्यावरून माणूस किती लांब आहे ते निघतं.

(कॅमेऱ्याचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी इब्न अल-हैसम यांचं नाव टाकतंच. अकराव्या शतकात त्यांनी अंधाऱ्या खोलीतल्या छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचा अभ्यास केला, 'किताब अल-मनाज़िर' लिहिलं, हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण नाव टाकणाऱ्यांपैकी कुणी आजवर एक रोल भरलेला मी पाहिला नाही.)

रेंजफाइंडर हा प्रकार अब्बांच्या कॅमेऱ्याहून बराच जुना. लायका कंपनीने १९३२ मध्ये कॅमेऱ्याच्या आतच रेंजफाइंडर बसवला, आणि १९५४ च्या एम३ मध्ये बघायची आणि फोकसची खिडकी एक केली. मग एसएलआर आले. त्यांत भिंगामागे तिरका आरसा असतो, भिंगातून येणारा उजेड तो वर डोळ्याकडे पाठवतो आणि फोटोच्या क्षणी खाड्कन वर उचलला जातो. पत्रकारांपासून लग्नवाल्यांपर्यंत सगळे तिकडे गेले. डिजिटल आल्यावर काही वर्षांनी तो आरसाही नकोसा झाला. भिंगातून आलेला उजेड थेट सेन्सरवर घ्यायचा आणि डोळ्यासमोरच्या इवल्याशा पडद्यावर दाखवायचा. हाच मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. गंमत अशी की अब्बांच्या कॅमेऱ्यातही आरशाचा तो खटाटोप कधी नव्हताच. आजोबा आणि नातू एकसारखे दिसतात, मधला बापच तेवढा वेगळा.

'फुल फ्रेम' या शब्दाचंही तसंच. दुकानदार तो असा उच्चारतो की वाटावं, काही नवा शोध आहे. सेन्सरचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. अब्बांच्या रोलवरची एकेक निगेटिव्ह तेवढीच होती. म्हणजे याशिका तेव्हापासून फुल फ्रेमच होता, फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं.

रेंजफाइंडरमधून बघताना दोन गोष्टी होतात. एक चांगली, एक वाईट. चांगली अशी की फोटोची हद्द दाखवणारी उजळ चौकट तुमच्या नजरेत तरंगते, पण तिच्या बाहेरचंही दिसत असतं. डावीकडून पोर धावत येतंय, मागून कुणी डोकावतंय, हे आधी कळतं. अब्बांच्या फोटोंत माणसं नेमक्या जागी का असतात ते मला फार उशिरा कळलं. ते चौकटीबाहेर बघत असत.

वाईट अशी की भिंगापुढे काय आहे ते तुम्हाला दिसतच नाही. माझ्या अकीक्याचे फोटो आमच्या घरात नाहीत. १९७७ साल. मामूंनी दिलेला रंगीत रोल अब्बांनी जपून ठेवला होता. केस उतरवले, बकऱ्याच्या गोश्ताचे वाटे झाले, पाहुण्यांचे रांगेत उभं करून फोटो काढले. छत्तीसच्या छत्तीस. रोल धुऊन आला तो कोरा. अब्बा दिवसभर भिंगावरचं झाकण काढायला विसरले होते! बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. उजेड मोजणारा डोळाही भिंगाच्या आत नसून वर पुढच्या बाजूला, त्यामुळे दिवेही बरोबर लागत होते. सगळं नीट चाललं होतं, फक्त फोटो निघत नव्हते.

दादीला तेवढं पुरेसं होतं. "अल्ला कू मंजूर नै था," ती म्हणाली आणि तिने विषय संपवला. दादीचा तसविरीलाच विरोध होता. घरात तसवीर असली की रहमतचे फरिश्ते उंबऱ्याच्या आत येत नाहीत असं ती मानायची आणि ती एकटीच तसं मानत होती असंही नाही. अब्बांनी तिच्याशी कधी वाद घातला नाही. ते फोटो काढत राहिले आणि भिंतीवर एकही लावला नाही. सगळे पत्र्याच्या पेटीत, निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात, पाकिटावर उर्दूत तारीख. पुढे रेशन, शाळा, पासपोर्ट, सगळीकडे फोटो लागायला लागले आणि हा प्रश्न आमच्या घरात सुटला नाही, पण त्याचा आवाज कमी झाला.

अम्मी दादीच्या हाताखाली तयार झालेली. तिचं मत काय होतं, मी कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलंही नाही. कॅमेरा दिसला की हात पुढे यायचा, एवढं मात्र खरं. म्हणून १९७९ चा तो फोटो मला नवलाचा वाटतो. कृष्णेच्या घाटाची पायरी, मांडीवर मी, आणि अम्मी सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. पदराची कड दातांत धरून हसू अडवायचा प्रयत्न चाललाय. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हतीच म्हणा, अब्बांकडे बघत होती. याशिकाने त्यांचा अर्धाच चेहरा झाकला जायचा. खिडकी डाव्या टोकाला असते, उजवा डोळा लावला की डावा डोळा, गाल, तोंड बाहेर राहतं. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याशी बोलता येतं.

मी सोनीचा ए-सेव्हन थ्री २०१८ च्या शेवटी घेतला. हप्त्याने. तो त्याच वर्षी आला होता. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, फोकसचे ६९३ बिंदू, हाताची थरथर आतल्या आत सांभाळून घेणारी यंत्रणा. पुढे ५० मिलिमीटरचं १.८ चं साधं भिंग. एकट्या कॅमेऱ्याचं वजन साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे भिंग लावलं की आजोबांच्या पलीकडेच. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने त्याचं नवं सॉफ्टवेअर दिलं. त्यानंतर हा कॅमेरा समोरच्या माणसाचा डोळा आपणहून शोधतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही. पडद्यावर एक इवलीशी चौकट बाहुलीवर बसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जरा भीतीच वाटली.

दोघांचा सामना लावायचा तर तो एकतर्फी आहे. हे स्पष्ट लिहितो, कारण जुन्या कॅमेऱ्यांबद्दल लिहिणारे बहुतेक लोक इथे लबाडी करतात. याशिकात रोल एकदा भरला की तो संपेपर्यंत फिल्मची ताकद तीच. चारशेची तर चारशेची. दिवस मावळला की संपलं. सोनीवर मी सहा हजार, बारा हजारांपर्यंत बिनधास्त जातो. याशिका ८० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, म्हणजे तान्ह्या बाळाची मूठ जवळून टिपायची तर विसरा. सोनीत भिंग बदललं की झालं. याशिकात काय निघालं ते रोल धुऊन आल्यावर कळणार. सोनीत खटका दाबण्याआधीच, फोटो उजळ येणार की काळा, ते पडद्यावर दिसतं. आणि झाकण विसरलात तर समोर नुसता अंधार. मिररलेस कॅमेऱ्यावर अकीका वाया जात नाही.

आवाजाचंही तेच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं. अब्बा तिथे याशिका घेऊन जायचे आणि पुढे बसायचे. त्याचा पडदा भिंगातच असतो, पातळ पात्यांचा. 'चिक्' एवढाच आवाज. शेजारी एसएलआरवाला बसला की आलापात खडखडाट व्हायचा आणि म्हातारे रसिक मागे वळून बघायचे. अब्बांकडे कुणी वळून पाहत नसे. माझ्या कॅमेऱ्यात तर आवाज पूर्ण बंद करता येतो. चिक् सुद्धा नाही. एक अडचण आहे, या मूक पद्धतीत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिव्याचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. म्हणून पडद्याचा वेग पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवायचा, बहुतेक वेळा पट्टे जातात. हे मी दर्ग्यातच शिकलो, एका अख्ख्या मैफलीचे फोटो पट्टेदार आल्यावर.

ही मूक पद्धत पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

अब्बा २०१६ मध्ये गेले. याशिका तोवर कपाटात वर्षानुवर्षं पडून होता. २०१९ च्या सुरुवातीला मी तो मुंबईला फोर्टमध्ये बोराबाजारच्या एका जुन्या कारागिराकडे नेला. त्याने फिल्म ओढायचा दांडा एकदा फिरवला, कान जवळ नेला आणि म्हणाला, "आवाज नाही आला." या जातीच्या कॅमेऱ्यात आत एक छोटा रबरी तुकडा असतो. तो शाबूत असेल तर दांडा फिरवताना आतून टक् असा आवाज येतो. आमच्या कपाटात त्याचा चिखल झाला होता. शिवाय याला लागायचा तो ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल. पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. कारागिराने पितळी नळी आणि स्प्रिंग घालून सहा व्होल्टचा साधा सेल बसवून दिला. कॅमेरा परत देण्याआधी मला गल्लीच्या तोंडाशी नेलं, भिंग अनंतावर ठेवायला लावलं आणि लांबच्या इमारतीचं टोक खिडकीतून दाखवलं. "एकच दिसतंय ना? मग बरोबर."

मिरजेला उतरताना माझ्या हातून पिशवी निसटली आणि फलाटावर आपटली. कॅमेऱ्यावर ओरखडा नव्हता. दांडा फिरवला, टक् वाजलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात होता. पहाटे चारच्या सुमाराला सहेरीसाठी उठलो. पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेलो तर आत ट्यूबलाइट चालू होती आणि अम्मी पाटावर बसली होती. भाकऱ्या झाल्या होत्या, गॅस बंद केलेला, बाकीचं घर झोपलेलं. आम्हाला उठवायच्या आधीची तिची ती पाचेक मिनिटं होती. डोळे मिटलेले, उजवा हात गुडघ्यावर, ओठ हलत होते. मी मागे सरलो, खोलीतून सोनी आणला, आवाज बंद केला, वेग पन्नासावा भाग, आयएसओ ६४००. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून एकच फोटो घेतला. मिटलेल्या डोळ्यावर ती इवलीशी चौकट बसलेली मला दिसली. काहीही वाजलं नाही. अम्मीला कळलं नाही.

मी आजवर काढलेल्या फोटोंत तो सगळ्यात चांगला आहे. पापणीचे केस मोजता येतात. कपाळावर पीठ लागलंय ते दिसतं.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर मी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो दाखवला. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू? तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ये कब निकाल्या? मेरेकू बोल्या भी नै." कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि उठली. पुसून टाक असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

चाँदरातीला आम्ही सगळे गच्चीवर होतो. चंद्र दिसल्याची आरोळी झाली तेव्हा माझ्या हातात याशिका होता, दुसऱ्या दिवसासाठी त्यात चारशेची रंगीत फिल्म भरली होती. मी खिडकीतून चंद्राकडे पाहिलं. चौकटीत दोन कोरी होत्या, एकमेकींना खेटून. मुलीला दाखवलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि म्हटलं, "बघ, आपल्याला दोन ईदी." सगळे हसले. भिंगाचं कडं पुरतं फिरलं नसेल, असं काहीतरी मला वाटलं असावं. बोराबाजारच्या त्या माणसाने जे गल्लीच्या तोंडाशी नेऊन दाखवलं होतं, तेच वर आभाळात दिसत होतं. मला कळलं नाही.

ईदच्या सकाळी नमाजहून परत आलो. अम्मी शीरखुर्म्याचं पातेलं उतरवत होती. मी याशिका डोळ्याला लावला. तिचा हात नेहमीसारखा वर आला आणि अर्ध्यावर थांबला.

"ये तो तेरे अब्बा का है ना?"

"हाँ."

"चलताय?"

"दुरुस्त करके लाया."

तिने हात पदराला पुसले. "ठैर जरा." पदर डोक्यावर नीट घेतला, खुर्ची दाराच्या उजेडात ओढली, बसली आणि माझ्याकडे बघितलं. सरळ. घाटावरच्या फोटोतल्यासारखं. हसू आवरायला पदर दातांत धरला नव्हता एवढंच. मी भिंग पूर्ण उघडलं, कारण आत उजेड बेताचा होता आणि पिवळा दिवा लागत होता. तिच्या चष्म्याच्या दांडीवर चौकट नेली, दोन दांड्यांची एक केली. ती न हलता थांबली. मी तीन फोटो काढले. "हुआ?" "हुआ." मग ती उठून वाट्या भरायला लागली.

रोल उरलेल्या दिवसांत संपवून धुवायला पाठवला. स्कॅन आले तेव्हा जुलै लागला होता. त्या तिन्ही फोटोंत अम्मी धूसर आहे. तिच्या मागच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे मात्र इतके स्वच्छ की लग्नात आलेल्या डब्यावरची कोरलेली अक्षरं ओळखू येतात. पिशवी आपटली तेव्हा आतली काच हलली होती. खिडकीत दोन प्रतिमा जुळत होत्या आणि भिंग दुसऱ्याच अंतरावर होतं. पूर्ण उघड्या भिंगाला दीडेक मीटरवर वीतभरही खोली मिळत नाही. तेवढ्यात अम्मी बसली नाही.

पुन्हा काढता आला असता. पुढच्या ईदला, बकरी ईदला, कुठल्याही रविवारी. कॅमेरा दुरुस्तीला न्यायचं राहत गेलं. मग २०२० आलं, मुंबईला जाणं बंद झालं. मग अम्मीचे गुडघे, मग दवाखाने. तिला कधी सांगितलंही नाही की ते फोटो बिघडले. एकदा तिने विचारलं होतं, "वो ईद के फोटू?" मी म्हटलं, "आए नै अभी."

तर जुना चांगला की नवा? यंत्र म्हणून नवा, यात मला शंका नाही. अंधारात, घाईत, बेसावध माणसाचा, दुरून, आवाज न करता, असा कुठलाही फोटो नवा कॅमेरा देतो. मागायची गरज उरत नाही. याशिकाला गरज लागायची. त्याला उजेड हवा, समोरच्याने थांबायला हवं, दोन नाकांचं एक होईपर्यंत समोर बसायला हवं. अम्मी बसली. माझ्यासाठी नाही, त्या कॅमेऱ्यासाठी बसली असेल. सहेरीचा फोटो तिने मला दिलेला नाही, मी घेतलेला आहे. ईदचा तिने दिला होता आणि मला तो नीट घेता आला नाही. यात कॅमेऱ्यांचा दोष किती आणि माझा किती, हे मी चाळिसाव्यापासून मांडतो आहे. हिशेब दर वेळी माझ्याकडेच येतो.

भावाला सहेरीचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याला वाटतं मी दादीवर गेलोय. या लेखासोबतही तो टाकायचं मी ठरवलं होतं, फाइल तयार करून ठेवली होती. टाकत नाही. ईदचा टाकला असता, पण त्यात तुम्हाला डब्यांशिवाय काही दिसणार नाही.

याशिका मागच्या महिन्यात पुन्हा बोराबाजारात जाऊन आला. तो कारागीर आता दुकानात बसत नाही, त्याच्या मुलाने काच सरळ करून दिली. लेक पुण्याला शिकायला गेली, ती येत्या सुट्टीत कॅमेरा घेऊन जाणार म्हणते. फोकस कसा जुळवायचा ते तिला फोनवर सांगितलं, पिवळा दिवा, लाल दिवा, सूर्य, ढग. आणि झाकण काढायचं, हे दोनदा सांगितलं.